मागे राहिलेलं कोपर

परीक्षकांच्या बैठकीत शिरताना प्रत्येकीनं आपला फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवला आणि मगच खुर्ची शोधली. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातली लांबट खोली, समोर पांढरा पडदा आणि रांगेनं बसलेले निळे कोट. ऑलिंपिकसाठी मुलींचा जिम्नॅस्टिक्सचा संघ निवडायची स्पर्धा तोंडावर आली होती. कोणी कुठल्या साधनावर बसायचं, हे थोड्याच वेळात त्या पडद्यावर उमटणार होतं.

वृषाली कोठावळे पुढच्या रांगेत ताठ बसली होती. पन्नाशीला टेकलेली, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली बाई. वीस वर्षं ती परीक्षकाचं काम करत होती. आपलं नाव कुठे येणार याची तिला धाकधूक नव्हती. ते जिथे यायला हवं होतं तिथेच आलं. बीम, म्हणजे तोल सांभाळायची अरुंद लाकडी पट्टी, आणि तिथे मुख्य परीक्षक.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. परीक्षकानं टाळी वाजवायची नसते, आणि ही सवय या बायकांच्या अंगात इतकी मुरली होती की नात्यातल्या लग्नांतसुद्धा त्या हात मांडीवर ठेवून बसत.

पूर्वी या नेमणुका चिठ्ठ्या टाकून होत. नियम साधे होते. आपल्या क्लबची मुलगी खेळत असेल तर बसायचं नाही, नात्यातली असेल तर बसायचं नाही, प्रशिक्षकांशी बोलायचं नाही, शेजारणीनं किती गुण दिले ते डोकावून बघायचं नाही. पण नियमांतून वाटा निघत. कागदावर एका क्लबची असलेली मुलगी सराव भलतीकडेच करायची, आणि तिला घडवणारी बाई परीक्षकाच्या खुर्चीत साळसूदपणे बसलेली असायची. ओरड व्हायची, चौकश्या व्हायच्या, हाती काही लागायचं नाही.

पुढे कॅमेरे आले. गुडघा किती अंशांनी वाकला, टाच किती घसरली, हे कॅमेरे मोजू लागले. माणसांकडे खेळाच्या देखणेपणाचे गुण आणि शेवटचा निवाडा एवढंच उरलं. त्याच कॅमेऱ्यांच्या नोंदी चाळताना काही संशोधकांना एक वेगळीच गोष्ट दिसली. दोन उड्यांच्या मधल्या जागेत, जिथे गुण मिळत नाहीत आणि म्हणून कुणाचं लक्षही नसतं, तिथे प्रत्येक मुलीचं शरीर काहीतरी स्वतःचं बोलत असतं. श्वास कधी घेतला, खांदा कधी सैल सोडला, वळण्याआधी भार कुठल्या पावलावर टाकला. ही लकब बोलण्यातल्या हेलासारखी असते. नागपूरच्या आईचा हेल परदेशात वाढलेल्या तिच्या मुलाच्या मराठीत उतरतो, तो त्याला कुणी शिकवलेला नसतो. जिम्नॅस्टिक्सचंही तसंच. मूल उडी शिकतं ते शिकवणाऱ्याच्या शरीराकडे बघत बघत, आणि त्या उडीबरोबर तिच्या आजूबाजूचं सगळंच त्याचा मेंदू उचलतो. संशोधकांनी या लकबीला चालठसा असं नाव दिलं.

दोन माणसांच्या चालठशांमधलं अंतर मग आकड्यात सांगता येऊ लागलं. अनोळखी माणसांमध्ये ते शंभराच्या आसपास असे, गुरू-शिष्यांमध्ये विसाच्या खाली. महासंघानं परीक्षकांचेही ठसे घेतले आणि नियम केला की ज्या परीक्षकाचं एखाद्या खेळाडूशी अंतर तिसाच्या आत असेल, तिनं त्या स्पर्धेत बसायचं नाही. क्लब कुठला, राज्य कुठलं, याला मग महत्त्व उरलं नाही.

नियम चोख होता. पण त्यातून एक गोष्ट अशी झाली की जी कुणाच्या मनातही नव्हती. एक मूल शिकवलं की ते तुमच्यासाठी बंद, त्यानं पुढे शिकवलेली मुलंही बंद. त्यामुळे परीक्षक बायकांनी शिकवणं सोडून दिलं. यादीतल्या परीक्षकानं कुठल्याही खेळाडूला हात लावायचा नाही, असं नंतर नियमातच आलं. ज्यांचा ठसा कुणाच्याच अंगात उतरलेला नाही, त्यांना सर्वांत मोठ्या खुर्च्या मिळू लागल्या. अशा परीक्षकांना आपापसात ‘कोऱ्या’ म्हणत. वृषालीइतकी कोरी परीक्षक देशात दुसरी नव्हती.

तिची मुलगी ऋजुता सात वर्षांची असताना आईकडून हातांवर उभं राहायला शिकायचं म्हणून हटून बसली होती. वृषालीनं तिला पोहायच्या क्लासला घातलं. “तू शाळेत जाऊन मैत्रिणींना शिकवशील, त्यांतली एखादी उद्या खेळायला येईल,” असं तिनं समजावून सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ऋजुता आता पुण्यातच फिजिओथेरपी शिकत होती. मायलेकींचं छान जमायचं. फक्त या एका विषयावर दोघी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी खेळाडूंचा सराव होता. दुपारच्या जेवणानंतर निनाद पाठारेनं वृषालीला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. निनाद हा नेमणुकांची यंत्रणा सांभाळणारा अभियंता, पस्तिशीचा, बोलायला मोकळा आणि कामाला काटेकोर.

“बसा मॅडम. एक विचारायचं होतं. तुम्ही शिलाँगला कधी गेला होता?”

“कधीच नाही. का?”

“मेघालयची एक मुलगी आलीये, इबानरी खारबुली नावाची. सतरा वर्षांची. पहिलीच राष्ट्रीय स्पर्धा, त्यामुळे तिचा ठसा आपल्याकडे आज सकाळी आला.” निनादनं पडदा तिच्याकडे वळवला. “तुमचं आणि तिचं अंतर अठरा आहे.”

वृषालीला आधी नुसता आकडा ऐकू आला, अर्थ मागाहून कळला. अठरा म्हणजे स्वतःच्या हातांनी घडवलेली शिष्या. म्हणजे चोरून शिकवल्याचा आरोप, आणि तो सिद्ध झाला तर जन्मभराची बंदी.

“तुमचं यंत्र चुकलंय,” ती म्हणाली.

“मलाही तसंच वाटतंय. तुमचे प्रवास नियमाप्रमाणे आमच्याकडे असतातच. तुम्ही तिला शिकवणं शक्य नाही. बरं, नुसतं व्हिडिओ बघून ठसा उतरत नाही, ते आम्ही तपासून झालंय. शिक्षक समोर लागतो, रोज, वर्षानुवर्षं.” त्यानं खुर्ची पुढे ओढली. “अशा वेळी एक सोय ठेवलेली आहे. तुम्ही कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगायचं, की या मुलीशी आणि तिच्या प्रशिक्षकाशी माझा काही संबंध नाही. प्रशिक्षक किरशान नावाचा एक तरुण आहे. तेवढं सांगितलंत की हा आकडा योगायोग म्हणून बाजूला ठेवता येतो. खुर्ची तुमचीच.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर ती जाते. ऑलिंपिकला परीक्षक म्हणून कुणाला पाठवायचं ते इथल्या मुख्य परीक्षकांतूनच ठरणार आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.”

सांगायचं ते वाक्य खरं होतं. वृषालीनं त्या मुलीचं नावसुद्धा आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं. तरी तिनं पडद्याकडे बोट केलं.

“हरकत आली की परीक्षकाला सराव बघायचा हक्क असतो ना? मग मला बघू दे.”

निनादनं सकाळचं चित्रण लावलं. ठेंगणी, भक्कम पायांची मुलगी बीमवर चढली. मागे घेतलेल्या दोन उड्या स्वच्छ होत्या. मग ती बीमच्या टोकाला आली आणि वळण्यासाठी तिनं दोन्ही हात वर नेले. उजवा हात सरळ वर गेला. डावं कोपर निमिषभर मागे राहिलं, जणू त्याला कुणी उशिरा हाक मारली होती, आणि मग उजव्याला जाऊन मिळालं.

“परत लावा,” वृषाली म्हणाली. त्यानंतर तिनं ते आणखी एकदा लावायला सांगितलं.

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पूर्वी एक पत्र्याची शेड होती. तिथे कुमुद देवस्थळी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायच्या. फी कुणी देईल तेवढी. लहानपणी त्यांचं डावं कोपर मोडून वाकडं बसलं होतं, त्यामुळे काही करून दाखवताना त्यांचा डावा हात नेहमी किंचित उशिरा वर जायचा. मुलींना वाटायचं, हात असाच न्यायचा असतो. सोळाव्या वर्षी वृषाली पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात आली तेव्हा तिथल्या सरांनी तिची ती खोड घासून घासून काढली होती. म्हणजे डोळ्यांना दिसेनाशी केली होती, कॅमेऱ्यांना नाही. पुढे शेडच्या जागी मंगल कार्यालय उभं राहिलं आणि कुमुदताई गाव सोडून गेल्या. वृषालीनं सुरुवातीला त्यांची पुष्कळ चौकशी केली. मग ती परीक्षक झाली, चालठशाचा नियम आला, आणि आपल्या गुरूचा ठावठिकाणा माहीत नसणं ही तिच्या सोयीची गोष्ट होऊन बसली.

आता दोन धडधाकट कोपरांची एक मुलगी दोन-अडीच हजार किलोमीटरवरून ते मोडलेलं कोपर घेऊन आली होती.

“निनाद, यंत्र चुकलेलं नाही,” वृषाली म्हणाली. “त्याला फक्त अंतर कळतं, ते कुठून कुठे गेलं ते कळत नाही. मी या मुलीची गुरू नाही. आमची दोघींची गुरू एकच आहे.” आणि तिनं त्याला कुमुदताईंबद्दल सांगितलं.

निनादनं नाव शोधून पाहिलं. देशातल्या प्रशिक्षकांत कुमुद देवस्थळी कुठेच नव्हत्या.

“नसणारच. त्यांच्याकडे कसलं प्रमाणपत्र नव्हतं.”

निनादनं उठून दार लावून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, त्या कोपराचं तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. आणि मुलीशी संबंध नाही हे तुमचं वाक्य तरीही खरंच आहे. मी कॅमेरा लावू का?”

“लावा. पण मी वेगळं सांगणार आहे.” वृषालीचा आवाज एकसारखा होता. “परवा ती बीमवर चढली की मी तिला एकतर जास्त गुण देईन, नाहीतर जास्त दिलेत असं व्हायला नको म्हणून कमी देईन. नेमके देईन याची मला खात्री नाही. खात्री नसलेल्या परीक्षकानं बसू नये. नव्या परीक्षकांना मी हेच शिकवते. तेवढं शिकवायला मला परवानगी आहे.”

तिनं सांगितलं, निनादनं ते नोंदवलं. मग तिनं निळा कोट काढून हातावर घेतला.

“आता मी या स्पर्धेची परीक्षक नाही. म्हणजे आचारसंहिताही मला लागू नाही?”

“नाही. तुम्ही आता प्रेक्षक.”

“मग परवाचे दोन पास द्या. चांगल्या जागेचे.”

स्पर्धेच्या दिवशी ती ऋजुताला घेऊन बीमच्या बरोबर समोर बसली. खाली तिच्या खुर्चीत भोपाळच्या एक परीक्षक बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. पहिल्या मुलीनं सुरेख उतरणी, म्हणजे बीमवरून खाली यायची शेवटची उडी, घेतली तेव्हा सगळं प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणलं आणि वृषालीचे हात सवयीनं मांडीवरच राहिले. दुसऱ्या मुलीला मात्र तिनं टाळ्या वाजवल्या. आधी हळू, मग अगदी हात दुखेपर्यंत.

“आई, वाईट वाटतंय का गं तुला?” ऋजुतानं विचारलं.

“वाटतंय की. पण इथून किती छान दिसतं. तिथून नुसत्या चुका दिसतात.”

ऋजुता हसली, मग समोर बघतच म्हणाली, “लहानपणी तू मला जे कारण सांगितलं होतंस ना, ते मला तेव्हाही कळलं होतं. पटलं नव्हतं.”

“आता मलाही पटत नाही,” वृषाली म्हणाली.

ऋजुतानं आईचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

इबानरी शेवटच्या गटात आली. तिसऱ्या उडीनंतर ती डगमगली. एक पाय हवेत गेला, कंबर वाकडी झाली, आणि वृषालीच्या तोंडून तिच्याही नकळत “सावर” असं निघून गेलं. मुलगी सावरली. उतरणी तिनं खिळा ठोकल्यासारखी घेतली. पडद्यावर गुण आले तेव्हा वृषालीनं मनातल्या मनात हिशोब करून पाहिला. भोपाळच्या बाईंनी डगमगण्याचे कापायला हवे तेवढेच कापले होते. संघात पाच जणींना जागा होती. इबानरी पाचवी आली.

सहावी आलेल्या मुलीच्या व्यवस्थापकांनी लगेच हरकत घेतली. सरावाच्या दिवशीचा अठराचा आकडा त्यांच्या कानांवर गेला होता. नियमाप्रमाणे अंतर तिसाच्या आत असलेली परीक्षक खुर्चीत बसली असेल, तर त्या साधनावरचे त्या मुलीचे सगळे गुण रद्द होत; योगायोगाची सवलतही अशी हरकत आली की टिकत नसे. निनादनं हरकत घेणाऱ्यांना खाली बोलावलं आणि बीमच्या परीक्षकांची नावं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांत वृषाली कोठावळे नव्हती. हरकत तिथेच निकालात निघाली. खुर्ची सोडताना वृषालीनं फक्त स्वतःचा विचार केला होता. तिनं त्या दुपारी ते एक वाक्य बोलून वेळ मारून नेली असती, तर आज या मुलीचं ऑलिंपिक गेलं असतं.

खेळाडू बाहेर पडतात त्या दारापाशी ती जाऊन उभी राहिली. इबानरी आणि किरशान आले, तेव्हा तिनं हिंदीत आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, “तुम्ही कुमुद देवस्थळींना ओळखता का?”

मुलीचा सबंध चेहरा उजळला. “कोंग कुमुद,” ती म्हणाली. कोंग म्हणजे खासी भाषेत ताई. किरशानही लहानपणी त्यांच्याकडेच शिकला होता. मैत्रिणीकडे आठ दिवस राहायला म्हणून गेलेल्या कुमुदताई शिलाँगमध्येच राहून गेल्या होत्या आणि चर्चच्या एका हॉलमध्ये मुलांना शिकवत होत्या. पाचवी आल्याचं त्यांना कळवायचंच होतं, म्हणून इबानरीनं फोन लावला, खासीत भराभर काही सांगितलं आणि फोन वृषालीच्या हातात दिला.

“कोण, कोठावळ्यांची वृषाली?” पलीकडून मिरजेचा जुना आवाज आला, थोडा घोगरा झालेला. “तू तर परीक्षक झालीस म्हणे. मोठी. ऐकून होते मी.”

“हो ताई.”

“किती मुली तयार केल्यास?”

वृषालीला खोटं सांगता येईना. “एकही नाही. परीक्षकानं शिकवायचं नाही, असा नियम झालाय.”

 मग कुमुदताईंनी अगदी साधेपणानं विचारलं, “मग तुमच्या मागून येणाऱ्या परीक्षकांना खेळ कळणार कसा गं?”

 “मी तिकडे येते,” वृषाली म्हणाली.

जानेवारीत ती गेली. गुवाहाटीहून टॅक्सी घाट चढत असताना निनादचा निरोप आला. महासंघानं तिच्या प्रामाणिकपणाची दखल घेतली होती. अंतराची अडचण फक्त इबानरीपुरती होती, आणि ऑलिंपिकमध्ये भारतीय मुलींना भारतीय परीक्षक गुण देतच नसतात, त्यामुळे तीही अडचण उरत नव्हती. ‘यादी मार्चमध्ये लागेल. तुमचं नाव जवळपास नक्की आहे. तोपर्यंत कुणाला हात तेवढा लावू नका, मॅडम.’ वृषालीनं तो दोनदा वाचला. तिला मनापासून आनंद झाला, आणि तो तिनं लपवला नाही, टॅक्सीवाल्यालाही सांगितलं.

चर्चच्या हॉलमधले बाक भिंतीला सरकवून ठेवले होते. मधोमध पाइनच्या लाकडाचा, सतरंजीची पट्टी गुंडाळलेला बीम होता. कुमुदताई शेगडीजवळ शाल पांघरून बसल्या होत्या. वाळून इतक्याशा झालेल्या, पण मान तशीच ताठ. वृषाली पाया पडली. त्यांनी उजव्या हातानं तिची पाठ थोपटली आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

“बस. आता एकेक चढेल. तू गुण दे. पण तोंडानं सांग, किती कापलेस आणि का कापलेस.”

पहिली मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. ती चालली, वळली, गुडघा उचलून थांबली, उतरली. वृषालीनं सवयीनं मनात आकडा मांडला आणि हिंदीत सांगितला. वळताना नजर पायाकडे गेली, म्हणून तीन दशांश.

मुलगी जागची हलली नाही. “मग कुठे बघायचं?” तिनं विचारलं.

वीस वर्षांत कुठल्याच खेळाडूनं वृषालीला प्रश्न विचारला नव्हता. त्यांना तशी परवानगीच नसते. “बीमच्या टोकाकडे,” ती म्हणाली. मुलीनं करून पाहिलं, नजर पुन्हा खाली गेली. वृषालीनं वेगळ्या शब्दांत सांगितलं. पुन्हा तेच. कुमुदताई शेगडीतले निखारे हलवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, काही सुचवलंही नाही.

मार्चची यादी, निळा कोट, जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतली ती खुर्ची, हे सगळं वृषालीला अगदी स्पष्ट दिसत होतं. यादीतून नाव काढा म्हणून निनादला उद्या सकाळी आपणच कळवायचं, हेही तिनं ठरवून टाकलं. मग तिनं बूट काढले, मोजे काढले आणि बीमवर चढली. पाय गारठले होते, पण तोल होता. ती टोकापर्यंत चालत गेली, वळली आणि खाली उतरून मुलीपाशी आली. तिनं मुलीला वर चढवलं, तिच्या कमरेला हाताचा आधार दिला आणि बीमच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिलेल्या दुसऱ्या मुलीकडे बोट दाखवलं.

“तिचे डोळे दिसतायत? त्यांच्याकडे बघ. मी धरलंय तुला. वळ.”